फंबल म्हणजे पिशवीत हात घालणे

नको नको आण्णा, नवीन काही काढू नका, घ्यायला नाही आले, परत द्यायला आलेय — हा बघा, तुमच्याच दुकानातला, गेल्या मंगळवारी नेलेला, लाल पुठ्ठ्याचा छोटा शब्दकोश, अजून कव्हरसुद्धा घातलेलं नाही. — काय? वापरलेलं पुस्तक परत घेत नाही? वापरलं कुठं हो, एक शब्द बघितला मी ह्यात. एकच. आणि त्या एका शब्दापायी मंगळवारची अख्खी रात्र डोळ्याला डोळा लागला नाही माझ्या, पंख्याची पाती मोजत पडले होते, पाती तीनच, पण मोजायला काय जातंय — आमच्या गल्लीत पहाटे साडेचारला पाणी येतंय, तोवर डोक्यात एकच किडा वळवळत होता, की माझी पोरगी दुसऱ्यांच्या दप्तरात हात घालते. चोरी करते. — हळू बोलते, हळू. ती इथंच आहे की, ती बघा, गोष्टींच्या पुस्तकांच्या मांडणीखाली फरशीवर बसलीय, निळी रिबीन, पांढरे बूट. — तिला नाव विचारताय? सुष्मिता. आम्ही सुमी म्हणतो. दुसरीत आहे.

बसते मी ह्या स्टुलावर, चालेल ना? तुम्ही पुस्तक परत घ्या न घ्या, पण ऐकून तरी घ्या. शाळेचं नाव विचारू नका — इंग्लिश मीडियम आहे, टाय आहे, बेल्ट आहे, शनिवारी पांढरे बूट आहेत, तेवढ्यावरनं काय ते ओळखा. तिथं डायरी असते प्रत्येक पोराची. टीचरनं लाल पेनानं लिहायचं आणि घरच्यांनी खाली सही करायची. आमच्या घरात ती सही माझी. का, तर मी बी.ए. — मराठी मीडियमची, राज्यशास्त्र घेतलेली, इंग्रजीत काठावरनं पलीकडं उडी मारलेली बी.ए. पण सासरी सगळ्यांना वाटतंय, पदवीबरोबर इंग्रजी आपोआप मिळतं, खानावळीत ताटाबरोबर कांदा मिळतो तसं. आणि मीही तो गैरसमज कधी मोडला नाही. मोडायला पाहिजे होता. पण घरातली सून म्हणून दुसरं काय होतं हो माझ्याकडं मिरवायला? "ब्रिंग कलर पेपर" कळतं मला, "ट्रिम नेल्स" कळतं, "टुमारो हॉलिडे" तर डोळे झाकून कळतं. वाचायचं, मान हलवायची, झोकात सही ठोकायची — सासूबाई बघत असल्या तर जरा जास्तच झोकात.

आणि गेल्या सोमवारी डायरीत काय आलं? "सुष्मिता फंबल्स. पेरेंट्स टू नोट." बास. पुढं टिंब. फंबल्स! तुम्ही म्हणून बघा आण्णा, मोठ्यानं म्हणा — फं-बल. घासाबरोबर केस आल्यावर जीभ कशी वळवळते, तसं होतंय का नाही? शी. शब्दालाच कसली तरी ओल आल्यासारखी वाटते, फडक्याच्या बोळ्यासारखी. पण सही तर करायची होती. ह्यांना विचारलं. ह्यांचं शाहूपुरीत पाइप आणि मोटारींच्या सामानाचं दुकान आहे, नुकता मोबाइल घेतलाय, त्यामुळं घरात असले तरी ते घरात नसतात — म्हणाले, "फंबल? फूटबॉल म्हणायचं असंल तिला." झालं! सासूबाई आतनं ओरडल्या, "उवा झाल्यात्या म्हणती काय गं ती बाई? रोज विंचर म्हणून सांगतो, ऐकत न्हाईस." मी म्हटलं, उवा नाहीत आत्याबाई, अभ्यासातलं आहे काहीतरी. आणि केली सही. कळलं नसताना केली. अशा किती केल्या असतील कोण जाणे, उद्या कुणी माझ्या मरणाचा दाखला इंग्रजीत पुढं धरला तरी खाली झोकात सही ठोकून मोकळी होईन मी.

पण सही केली तरी मनातनं जाईना. म्हणून मंगळवारी तुमच्याकडं आले. आठवतंय? तुम्ही विचारलंत, कुणाला पाहिजे, मी म्हटलं, मुलीला. तुम्ही म्हणालात, मग एवढा पुरे, लहान मुलांना मोठा कशाला. "मलाच बघायचंय" म्हणायला काय झालं होतं मला? जीभ झडली असती? — नाही नाही, तुमची काय चूक, तुम्ही गिऱ्हाइकानं सांगितलं ते दिलंत. चूक ह्याची. हे बघा, काढूनच ठेवलंय पान, तिकीट घातलंय खुणेला : "फंबल — चाचपणे, (खिशात, पिशवीत) हात घालून धुंडाळणे." संपलं! त्याच्या खाली लगेच "फ्यूम — धूर." एवढ्या मोठ्या शब्दाला दीड ओळ. आता तुम्हीच सांगा, आई म्हणून मी काय समजायचं? सुष्मिता पिशवीत हात घालून धुंडाळते. पालकांनी नोंद घ्यावी. आणि त्याच्या आधीच्या आठवड्यात ह्याच डायरीत एक छापील चिठ्ठी चिकटवून आली होती — वर्गातल्या आदर्श नावाच्या मुलाचा नवा कंपास हरवलाय, सगळ्या पालकांनी आपापल्या मुलांची दप्तरं तपासावीत. मग? दोन आणि दोन किती होतात? माझे त्या रात्री बावीस झाले.

पहाटे पाणी भरलं आणि तिचं दप्तर घेऊन बसले मोरीच्या पायरीवर. ती उठायची होती. आणि घातला हात. सगळ्या कप्प्यांत, कव्हरांच्या आत, डब्याच्या पिशवीत, कोपऱ्या-कोपऱ्यात बोटं घालून — हसू येतं आता, म्हणजे हसू नव्हे — पिशवीत हात घालून धुंडाळत होतं कोण? ती झोपली होती हो. फंबल मी करत होते. काय सापडलं? अर्धं बिस्किट, चार चिंचोके, केएमटी बसचं जुनं तिकीट, एक मेलेली गोगलगाय रिकाम्या काडेपेटीत घालून ठेवलेली. आणि एक रबर. खोडायचा हो. गुलाबी, स्ट्रॉबेरीच्या आकाराचा, वर हिरवी टोपी — मी आणलेला नाही, ह्यांनी आणलेला नाही. वास तर असा गोड, की उलटी यावी. अजून येतोय माझ्या बोटांना. तीन वेळा साबण लावला, नंतर राखसुद्धा लावली, भांडी घासायची. जात नाही. बघा — नको, राहू दे.

ती उठून डोळे चोळत आली. मी रबर पुढं धरला. "हा कुणाचा?" परत म्हटलं, "कुणाचा गं, सुमे?" आता तिचं काय आहे आण्णा, तिचं पहिलं अक्षर दारातच अडकतं. मागं सगळे शब्द रांगेत उभे असतात, पण पहिला आडवा येऊन बसतो उंबऱ्यावर. घरात आम्ही कोणी लक्षच दिलेलं नाही, कारण ती पूर्ण बोलायच्या आत आमच्यापैकी कोणीतरी तिचं वाक्य पूर्ण करतं — पा... म्हणाली की पाणी दिलं, भू... म्हणाली की ताट वाढलं. तर ती म्हणायला लागली, "मि... मि..." मला काय ऐकू आलं? सांगा की. "मी." मराठी कान हो आपला, दुसरं काय ऐकणार? मी, मी. मी घेतला. मी उचलला. "मि... मि..." — अगं, आता मी-मी काय करतेस शेळीसारखी, असं म्हणाले मी तिला. हो, म्हणाले. पोटच्या पोरीला.

मग काय, रागावले. — रागावले म्हणजे रागावले. आई रागावणारच की, तुम्हाला पण लेकरं असतील.

आणि सासूबाई आल्या ना बाहेर, डोक्याला तेल लावत. कान बघा त्यांचे, देवळातली घंटा ऐकू येत नाही पण असलं बरोबर ऐकू जातं. "चोरटी झाली व्हय गं पोर? आमच्या सात पिढ्यांत कुणी दुसऱ्याच्या काडीला हात लावला न्हाई. माहेरचंच आलं असंल." माहेरचं! माझं माहेर शिरोळ. महापुरात आमच्या अंगणातनं दुसऱ्यांच्या घागरी, पाट, एकदा तर एक अख्खा पाळणा वाहत आलता आण्णा — माझ्या अव्वानं, म्हणजे आईनं, एकेक वस्तू धुऊन ओसरीवर मांडली, पाणी उतरल्यावर गावभर हिंडून ज्याची त्याला पोचवली. आणि ही बाई म्हणते माहेरचं. मला सांगा, कसली ही चव असते माणसांना? नातीला चोर म्हणताना त्यांच्या तोंडाला पाणी सुटल्यागत झालं होतं, मी बघितलं ना. शिसारी आली मला. पण मी काय केलं? त्यांना एक शब्द बोलले नाही. सगळं पोरीवर काढलं. त्यांचं पण, ह्यांच्या मोबाइलचं पण, माझ्या काठावरच्या इंग्रजीचं पण.

आणि तिथं थांबायचं ना? थांबलो न्हाई. — थांबले नाही. बघा, हे असं होतं. आमच्याकडं बायकासुद्धा "मी आलो, मी गेलो" म्हणतात बाप्यांसारखं, सासूबाईंचं तर ऐकलंतच; मी कॉलेजात गेल्यावर मैत्रिणी हसायला लागल्या म्हणून जपून जपून "आले, गेले" शिकले. पण डोकं तापलं की सगळं शिकलेलं उतू जातं आणि तळाचं राहतं. तर — बुधवारी सकाळी तिला तसंच हाताला धरून रिक्षात घातलं आणि शाळेत गेलो. रबर रुमालात बांधून. मला वाटलं, कबूल करून टाकावं, टीचरच्या पायावर घालावं, म्हणजे नाव तरी वाचेल. रिक्षात घोकत होतो, मोठ्यानं, रिक्षावाला आरशातनं बघतोय. आणि वर्गाच्या दारात जाऊन म्हणालो. चाळीस पोरं बसलेली. "सॉरी मॅडम. माय डॉटर इज थीफ. शी विल नॉट डू."

इंग्रजीत का? मला वाटलं, इंग्रजीत म्हटलं तर सुमीला तेवढं लागणार नाही. काय अक्कल बघा. मीच तिला त्या शाळेत घातलेलं, मीच रोज पाठ करून घेते. "थीफ" त्यांच्या पुस्तकात आहे, दूध पिणाऱ्या मांजराच्या धड्यात, चित्रासकट. चाळीसच्या चाळीस पोरांना कळला. मलाच एकटीला "फंबल" कळला नव्हता.

मोना टीचर तिचं नाव. लहान आहे हो ती पण, माझ्याहून चार वर्षांनी लहान असेल, बेळगावकडची, हातात खडू, तोंड उघडं. "व्हॉट थीफ?" म्हणाली. मग मराठीत, "अहो, रबर मीच दिलाय तिला. सोमवारी. अक्षर सुंदर काढलं म्हणून." मिस. पोरं टीचरला मिसच म्हणतात. मिसनं दिला. ती "मि... मि..." म्हणत होती ते मिस म्हणायचं होतं तिला, पुढचा "स" तेवढा राहिला होता आण्णा. एक "स". तेवढ्याला थांबायला किती वेळ लागला असता? दूध उतू जायला लागतो तेवढासुद्धा नाही.

आणि कंपास? तो आदर्शच्याच बहिणीच्या दप्तरात निघाला होता, आधल्या शुक्रवारीच. त्याची चिठ्ठी नाही आली डायरीत. हरवल्याची येते, सापडल्याची येत नाही. मी विचारलं, मग फंबल? म्हणाली, "तिला उत्तरं सगळी येतात, पण उभं केलं की शब्द सापडत नाही पटकन. चाचपडते. घरी तिला सावकाश बोलू द्या, मध्ये तोडू नका, एवढंच म्हणायचं होतं." एवढंच म्हणायचं होतं तर एवढंच लिहायचं की गं बये! तीन ओळी जास्त लागल्या असत्या, लाल शाई काय संपत होती? कसली घाण सवय आहे ही, लेकराचं सगळं दुखणं एका शब्दात चेंगरून घरी पाठवायचं आणि खाली म्हणायचं नोट करा. — पण खरं सांगू? तिच्यावर चिडून किती चिडू. त्या दारात उभं राहून, चाळीस पोरं माझ्या पोरीकडं वळून बघत असताना, मला पहिली लाज कसली वाटली माहितेय? "इज थीफ" म्हणालो मी, "इज अ थीफ" म्हणायला पाहिजे होतं. "अ" राहिला. ह्याची वाटली. पहिली ह्याची. आपलीच किळस येणं म्हणजे काय, ते मला तिथं कळलं, त्याला कुठला शब्दकोश लागला नाही.

अक्षर सुंदर काढलं म्हणून रबर. त्याच हातावर मी सकाळी स्टीलच्या पट्टीनं —

काही नाही. पाणी आहे का हो?

काय ते काढताय? हा कुठला एवढा थोरला — अगं बाई, उशीएवढा आहे की. असा होता तुमच्याकडं? द्या, मीच बघते. एफ... एफ-यू... बोटंच चिकटतात माझी, थांबा... हं. "फंबल : चाचपडणे, अंधारात हातांनी शोधणे, गबाळेपणाने हाताळणे, झेल सुटणे, गोंधळून अडखळत बोलणे, योग्य शब्द न सापडणे, विचका करणे." विचका करणे! एवढं सगळं होतं होय एका शब्दात? हे शेवटचं बघा, ह्याच्यापुढं माझा फोटो छापायला हरकत नव्हती, दोन रुपयांच्या तिकिटाएवढा. आणि हे दुसरं — अंधारात हातांनी शोधणे — हा तर माझ्या अव्वाचा शब्द हो! कानडीतला. तडकाडणं. अव्वाला सही येत नाही, अंगठा आहे, पण हा शब्द तिच्या तोंडात रोज. वीज गेली की मी काड्यापेटी शोधताना फळीवरची भांडी पाडायची, आणि बाकीचे सगळे ओरडायचे, डावीकडं गं, वर गं, आंधळी हाईस काय. अव्वा त्यांना म्हणायची, "माणूस तडकाडाय लागला की त्याला हाका मारायच्या न्हाईत. गप बसायचं. हात आपसूक जातोय पेटीवर." असा शब्द घरात, आणि मी तो शोधायला राजारामपुरीत, तुमच्या दुकानात. दीड ओळीत.

नाही हो, लाजत नाही ती. तुम्ही मघाशी नाव विचारलंत तेव्हा मीच सांगितलं ना मध्येच — सवय बघा माझी — पण तसंही तिनं सांगितलं नसतं. बोलत नाही ती. बुधवार, गुरुवार, शुक्रवार, आज शनिवार. कुणाशीच नाही. शाळेत पण नाही, मोना टीचरनं डायरीत मराठीत लिहून पाठवलंय आता, चांगलं अर्धं पान, अक्षर लागत नाही तिचं मराठीत. आता कळलं मराठी! जेवते, अभ्यास करते, वेणीला डोकं देते. तोंड तेवढं बंद, आत कडी घातल्यागत. डॉक्टरला दाखवलं, ते म्हणाले घसा चांगला आहे. सासूबाईंनी मीठमिरच्या उतरून टाकल्या, म्हणे कुणाची तरी नजर लागली पोरीला — नजर! ज्या तोंडानं चोरटी म्हणायचं त्याच तोंडानं थू थू करून दृष्ट काढायची, मिरच्यांचा ठसका घरभर, आणि वर मलाच म्हणतात, "तू लई बोलतीस तिला." मी त्यांच्याकडं बघितलं आणि मला वाटलं, ह्यांची किळस करायचा पण मला आता हक्क राहिला नाही. त्यांनी नुसतं म्हटलं. केलं मी.

आणि एक सांगू? हे मी घरात कुणाला सांगितलेलं नाही. ह्यांना पण नाही. शाळेतनं आली की ती आधी दप्तर माझ्यापुढं आणून ठेवते. उघडून. आपणहून. वह्या एकीकडं, डबा एकीकडं, पेन्सिली ओळीनं. ती काडेपेटी पण उघडून ठेवते. मग दोन्ही हात पुढं करते — असे — उताणे, मग पालथे. आणि मी "बरं" म्हणेपर्यंत हलत नाही. वळ गेलेत. बघितले मी, गेलेत. पण हात ती अजून तसेच धरते, बोटं जरा आखडून, पट्टी येणारच आहे अशी. बुधवारपासनं चार वेळा झालं. चार वेळा मी "बरं" म्हणाले. दुसरं काही येतच नाही तोंडात.

"सॉरी" म्हणून बघितलं की. ते काय, सोपं आहे, ते आपण पाय लागला तर सायकलला पण म्हणतो. तिच्या डोळ्यांत काही हललं नाही. ते मी टीचरला म्हटलेलं तिनं ऐकलंय ना, त्या सॉरीच्या मागनं काय आलं ते पण ऐकलंय. मराठीत म्हणायला पाहिजे. "चुकलं माझं." सासूबाईंना दिवसातनं तीनदा म्हणते, चूक नसताना, भात फडफडीत झाला म्हणून, फोन उचलायला उशीर झाला म्हणून, घडाघडा येतं. आणि पोरीपुढं बसले की, "चु... चु..." कोंबड्यांना दाणे टाकल्यागत, आण्णा. पुढं सरकत नाही. म्हणून आले आज. पुस्तक परत घ्या म्हणायला नाही, खोटं कशाला बोलू. मला वाटलं तुमच्याकडं एवढी पुस्तकं, एवढी वर्षं बसलाय त्यांच्यात, आईनं लेकराची माफी कशी मागायची ते कशात तरी दिलं असेल. नसेल ना? नसणारच. कुणी मागितलीय आजपर्यंत.

नको, राहू द्या हा उशीएवढा, मला काय करायचाय, दप्तरात पण मावणार नाही. हा लहानच द्या इकडं, मीच नेते परत, राहू दे घरात, डोळ्यापुढं असलेला बरा — अरे देवा! पडला. बघा, झेल सुटणे. तिकीट पण गेलं कुठंतरी. नका हो उठू तुम्ही, उचलते मी — सुमे? दे, दे इकडं. हं. तिनंच दिला उचलून. बघितलंत? सगळं ऐकत होती. मी हळू बोलत होते का हो? नव्हते ना? मला कधी कळतच नाही.

आता बरणीत कशाला हात घालताय आण्णा — रबर? तिला? अहो, नको — तसं नाही, द्या तुम्ही, मोठ्या माणसानं दिलेलं नाही म्हणू नये, पण रबर... ह्याला वास नाही ना? पांढरा आहे साधा. बरं. सुमी, ये, पुढं ये. आजोबा देतात बघ. घे की. घे बाळ, आई काही म्हणत नाही. मी काही म्हणणार — घे. माझ्याकडं काय बघतेस, त्यांच्याकडं बघ. — थांबा आण्णा, हात मागं घेऊ नका. ओठ हलतायत तिचे. नका, नका विचारू काही. तुम्ही पण गप बसा, मी पण गप बसतो —

"आ... आ... आजोबा, चिठ्ठी द्या. तुम्ही दिलाय म्हणून. आणि म... म... मराठीत लिवा. आईला इंग्लिश येत न्हाई."